गूळ शोधायला गेलं आणि खुब्याचा सांधा सापडला

पत्र: मी कोल्हापुरात एम.एस्सी. फूड सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय आहे गूळ करताना हायड्रॉस या रासायनिक पावडरीऐवजी भेंडीचा चिकट रस वापरून मळी काढणं. मॅडमनी किमान २५ शोधनिबंध वाचून यायला सांगितलंय, तेही ‘बऱ्या जर्नलमधले’. तीन आठवडे गुगलवर शोधतेय. जे चांगले दिसतात ते तीस-पस्तीस डॉलर मागतात आणि जे फुकट मिळतात ते मॅडम बाजूला काढतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन डेटाबेसमध्ये अख्खा प्रश्न टाईप केला, तर निकाल शून्य. नुसतं ‘गूर’ (इंग्रजी लेखांत गुळाला हाही शब्द असतो) टाकलं तर हाडांच्या शस्त्रक्रियेचे लेख आले. माझं नेमकं कुठे चुकतंय? आणि एक लहानशी शंका: गुऱ्हाळावरच्या मामांनी सांगितलेली माहिती संदर्भ म्हणून देता येते का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर:

तुमचा विषय उत्तम आहे आणि त्यावर वाचायला भरपूर आहे. ते तुम्हाला सापडत नाही, कारण तुम्ही डेटाबेसला प्रश्न विचारताय आणि त्याला प्रश्न कळत नाही. त्याला शब्द कळतात. प्रत्येक लेखाची एक नोंद असते, तिच्यात शीर्षक, लेखकांची नावं, नियतकालिकाचं नाव, सारांश आणि कळीचे शब्द असतात. बहुतेक डेटाबेस एवढ्यातच शोधतात, लेखाच्या पोटात शिरत नाहीत. तुम्ही दहा-बारा शब्दांचं वाक्य टाकलंत की ते सगळे शब्द एकाच नोंदीत असलेला लेख तो शोधू लागतो. ‘कोल्हापूर’ हा एक शब्द घातला तरी निकाल दोन-चारांवर येतात. भेंडीच्या रसाने मळी कशी वर येते यावर ब्राझीलमध्ये काम झालं असेल, तर त्याच्या सारांशात कोल्हापूर कुठून येणार? गावाचं नाव आणि ‘परिणाम’, ‘वापर’, ‘अभ्यास’ असले शब्द पहिल्यांदा काढून टाका.

हाडांच्या लेखांचं कोडंही सोपं आहे. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात जे पॉलिएथिलीन वापरतात, त्याच्या एका प्रकाराचं व्यापारी नाव ‘जीयूआर’ आहे. त्यातला जीयूआर १०५० हा अस्थिशस्त्रक्रियेच्या लेखांत जागोजागी येतो. रोमन अक्षरांत आपला गूर आणि तो जीयूआर यांत काडीचा फरक नाही. ‘गुल’ टाकून बघितलंत तर आणखी गंमत होईल: तुर्की आणि पाकिस्तानी लेखकांत ‘गुल’ आडनाव बरंच आढळतं, त्यामुळे विषय सोडून माणसंच गोळा होतील. म्हणून ‘गूर’ किंवा ‘गुल’ कधीच एकटे टाकायचे नाहीत, सोबत ऊस किंवा साखर हवी, आणि शोध सगळ्या रकान्यांत न करता शीर्षक, सारांश आणि कळीचे शब्द एवढ्यापुरता ठेवायचा. स्कोपस या डेटाबेसमध्ये शोधचौकटीच्या शेजारच्या यादीत हा पर्याय असतो. वेब ऑफ सायन्समध्ये त्याला ‘टॉपिक’ म्हणतात.

आता संगणक बंद करा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर तीन रकाने पाडा. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात तिच्यावर करायची क्रिया, तिसऱ्यात मोजायची गोष्ट. यात अर्धा तास गेला तर जाऊ द्या, तीन आठवड्यांचं नुकसान तिथेच भरून निघणार आहे.

पहिल्या रकान्यात तुम्ही ‘जॅगरी’ लिहाल. भारतीय लेखांत हाच शब्द असतो, अधूनमधून ‘जॅगरी’चं स्पेलिंग चुकवून ‘इ’च्या जागी ‘ए’ लिहिलेलंही सापडतं, तेही घ्या. पण तुमच्या हातून सुटलेला मोठा शब्द दुसराच आहे: ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’. कारखान्यात साखरेचे दाणे आणि मोलॅसिस यंत्रात गरगर फिरवून वेगळे करतात. गुळात तसं काही होत नाही, काहिलीतला सगळा पाक गूळ गार करायच्या वाफ्यात येतो. म्हणून जगभरच्या गुळाला मिळून हे एक नाव आहे, आणि जागतिक अन्न व कृषी संघटना आपल्या आकडेवारीत हेच वापरते. हा शब्द टाकलात की दारं धडाधड उघडतात, कारण गूळ फक्त आपण करत नाही. कोलंबियात त्याला ‘पनेला’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘रापादुरा’, जपानच्या ओकिनावात ‘कोकुतो’. यातला पनेला तुमच्या फार कामाचा आहे. तिथले गुळवे बाल्सो, ग्वासिमो, कादिलो अशा झाडांच्या सालींचा चिकट रस काहिलीत घालून मळी वर काढतात. म्हणजे आपल्याकडे रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात कालवतात आणि तो बुळबुळीत रस रसाला उकळी यायच्या आधी ओततात, तेच तिथे दुसऱ्या झाडाने चालतं. त्यावर तिथल्या संशोधकांनी लिहिलेलं आहे, काही स्पॅनिशमध्ये, पण सारांश बहुधा इंग्रजीतही असतो. ‘मस्कोवाडो’ हा शब्द मात्र जपून घ्या. त्या नावाने विकली जाणारी काही साखर कारखान्यातली असते, तेव्हा लेख उघडून प्रक्रिया वाचल्याशिवाय तो गुळात धरू नका.

दुसऱ्या रकान्यात भेंडी येईल. तिला ‘ओक्रा’, ‘लेडीज फिंगर’ आणि ‘भिंडी’ अशी तीन नावं झाली. चौथं शास्त्रीय, अ‍ॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस. पाचवं जुनं शास्त्रीय, हिबिस्कस एस्क्युलेंटस, कारण भेंडी पूर्वी जास्वंदीच्या कुळजातीत धरायचे आणि जुन्या लेखांवर तेच नाव आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव घालायला विसरू नका, लेखकाची भाषा कुठलीही असली तरी ते बदलत नाही. आणि इथे एक पेच आहे तो आधीच सोडवा: ‘रानभेंडी’ हे नाव आपल्याकडे एकाहून अधिक जातींना लावतात. गुऱ्हाळावर नेमकी कुठली वापरतात हे ओळखून घेतल्याशिवाय तुमचा शोधही अर्धवट राहील आणि प्रबंधही. पान, फूल आणि फळ असलेली फांदी घेऊन वनस्पतिशास्त्र विभागात जा, तिथे ओळख पटवून मिळेल. त्या चिकट रसाला इंग्रजीत ‘म्युसिलेज’ म्हणतात आणि मळी काढण्याच्या क्रियेला ‘क्लॅरिफिकेशन’. हायड्रॉस हे बाजारातलं नाव, लेखात ते ‘सोडियम हायड्रोसल्फाइट’ किंवा ‘सोडियम डायथायोनाइट’ असं येईल. दोन्ही एकच पदार्थ, त्याचा सीएएस क्रमांक (रसायनांचा ओळखक्रमांक) ७७७५-१४-६. ‘सल्फाइट’चं ब्रिटिश स्पेलिंग पीएचने आणि अमेरिकन एफने, हे दोन्ही हवेत.

तिसरा रकाना भरा: रंग, गढूळपणा, सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण, साखरेच्या रंगमापनाची ‘इक्युम्सा’ पद्धत. पण पहिल्या शोधात तो वापरू नका. लेखाने रंग मोजला असला तरी सारांशात तसं लिहिलेलं असेलच असं नाही, आणि तिसरी अट लावली की चांगले लेख गळतात. निकाल फार झाले तरच तिसरा रकाना बाहेर काढायचा.

आता शोधवाक्य. एका रकान्यातले पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडायचे, रकाने एकमेकांना ‘अँड’ने. टाईप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं, पण रचना अशी दिसेल:

(जॅगरी ऑर पनेला ऑर रापादुरा ऑर “नॉन-सेंट्रिफ्युगल” ऑर नॉनसेंट्रिफ्युगल) अँड (ओक्रा ऑर अ‍ॅबेलमॉस्कस ऑर म्युसिलेज ऑर क्लॅरिफ*)

कंस कधीही गाळू नका. कंस नसले तर ‘अँड’ आधी की ‘ऑर’ आधी, हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या नियमाने ठरवतो. स्कोपस ‘ऑर’ आधी सोडवतो, वेब ऑफ सायन्स ‘अँड’ आधी आणि पबमेड डावीकडून उजवीकडे जातो. एकच वाक्य तीन ठिकाणी टाकून तीन वेगळेच अर्थ निघतात आणि आपल्याला वाटतं डेटाबेस वाईट आहे.

शेवटची ती चांदणी म्हणजे ‘इथून पुढे काहीही चालेल’. तिने क्लॅरिफाय, क्लॅरिफिकेशन, क्लॅरिफिकंट सगळे एकदम येतात. ती कुठे लावायची याला मात्र महत्त्व आहे. रोमनमध्ये पाचच अक्षरांवर, ‘क्लॅरि’पाशी तोडलंत तर ‘क्लॅरियस’ येईल, आणि ते मागूर माशाच्या कुळजातीचं नाव आहे. खाद्यविज्ञानाच्या डेटाबेसमध्ये माशांचे लेख काही थोडे नसतात. ‘जॅग’वर तोडलंत तर जग्वार येईल. गुगल स्कॉलरमध्ये ही चांदणी चालतच नाही, तिथे सगळी रूपं लिहावी लागतात. शोधवाक्यही तिथे २५६ अक्षरांच्या आत बसवावं लागतं आणि निकाल कितीही दाखवले तरी पहिले १,००० च बघता येतात.

अवतरणचिन्हं शब्द एकत्र ठेवण्यासाठी. ती वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवू नका, तिथली वळणदार चिन्हं काही डेटाबेसना कळत नाहीत. चौकटीत स्वतः टाईप करा. आणि जोडरेघेचा शब्द जोडरेघेसकट आणि सलग, असा दोन्ही प्रकारे द्यावा, वर तसाच दिलाय.

निकालांचा आकडा बघून घाबरू नका, त्याचा उपयोग करा. दहाच्या आत आले तर दुसऱ्या रकान्यात आणखी पर्याय घाला किंवा तो थोडा सैल करा. तीनशेच्या वर गेले तर तिसरा रकाना जोडा, नाहीतर ‘क्लॅरिफिकेशन’ काढून फक्त ‘म्युसिलेज’ ठेवा, कारण क्लॅरिफिकेशन साखर कारखान्यात, फळांच्या रसात आणि सांडपाण्यातही होतं. पन्नास ते दीडशे निकाल म्हणजे एका बैठकीत शीर्षकं चाळून होतात. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर आकडा कशाने वाढला ते कळणार नाही. डावीकडच्या गाळण्यांत ‘फुल टेक्स्ट’ची खूण लगेच करू नका. त्याने फक्त त्या डेटाबेसकडे पूर्ण मजकूर असलेले लेख उरतात, आणि तुम्हाला हवा असलेला लेख दुसऱ्या दाराने सहज मिळत असतो. ‘पीअर रिव्ह्यूड’ची (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले लेख) खूण करायला हरकत नाही. लेखप्रकारांत ‘रिव्ह्यू’ निवडून पहिल्या दिवशी फक्त तेवढे बघा, एक चांगला आढावा लेख हाती आला की तुमचे सगळे शब्द तपासून होतात.

कुठे शोधायचं, याचं उत्तर ‘स्कोपस’ एवढंच नाही. आधी एक गोंधळ मिटवू: स्कोपस हा निर्देश, म्हणजे लेखांची सूची आहे. तो लेख कुठे आहे ते सांगतो, लेख देत नाही. सायन्सडायरेक्टवर लेख मिळतो, पण एकाच प्रकाशकाचा. म्हणून ‘सायन्सडायरेक्टवर नाही’ याचा अर्थ ‘जगात नाही’ असा घेऊ नका. तुमच्या विषयातलं बरंचसं काम ‘शुगर टेक’मध्ये आणि म्हैसूरच्या खाद्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’मध्ये येतं, आणि ती दोन्ही स्प्रिंगर छापतं. यातल्या दुसऱ्याचे अनेक लेख पबमेड सेंट्रलवर विनाशुल्क पूर्ण मिळतात. खाद्यविज्ञानाचा खास डेटाबेस म्हणजे एफएसटीए, शेतीचा कॅब अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स. हे वर्गणीचे आहेत, तुमच्या ग्रंथालयात आहेत का ते विचारा. अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रिस मात्र सगळ्यांना खुला आहे, आणि त्याच्या जोडीचा ‘अ‍ॅग्रोव्हॉक’ हा शब्दकोश तुमचे रकाने भरायला फार चांगला आहे. एक शब्द टाकला की त्याचे पर्यायी, व्यापक आणि नेमके शब्द समोर येतात.

भारतातल्या दोन जागा विद्यार्थ्यांकडून हमखास सुटतात. एक कृषिकोश. कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात, आणि कोल्हापूरचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, तेव्हा गुळावरचं घरचं काम तिथे शोधायचं. दुसरी एनओपीआर, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थेने चालवलेला नियतकालिकांचा खुला साठा. पारंपरिक ज्ञानावरचं त्यांचं जर्नल तुमच्या विषयाला जवळचं आहे. शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा साठा, तुम्हाला माहीत असेलच. तिथे प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतात, पूर्वसंशोधनाचं प्रकरण आणि संदर्भसूची उघडा. त्यातून मूळ लेखांपर्यंत जा आणि मूळ लेख वाचा. दुसऱ्याच्या आढाव्यातली वाक्यं उचलली की साम्यतपासणीत ती पकडली जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यातली चूकही तुमच्या नावावर लागते.

गुळाची मानकं मात्र यातल्या कशातच सापडणार नाहीत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १२९२३ त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, आणि सल्फर डायऑक्साइडची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) सध्याच्या नियमांतूनच लिहा. एखाद्या जुन्या लेखातून उचललेली मर्यादा तोंडी परीक्षेत अडचणीत आणते. गुळाच्या व्यापाराचा इतिहास हवा असता, तर १८५० सालच्या करवीर नगर वाचन मंदिराची पायरी चढायला सांगितलं असतं. पण तुमचा विषय काहिलीतला आहे, तेव्हा तो मोह सध्या टाळा.

आता त्या तीस-पस्तीस डॉलरचं. ते कधीही भरू नका. तो लेख बहुधा तुमच्या विद्यापीठाला आधीच मिळालेला असतो, तुम्ही चुकीच्या दाराने आत जाताय एवढंच. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना त्यातून खुली झाली, आणि स्प्रिंगर, एल्सव्हियर, वायली असे मोठे प्रकाशक त्यात आहेत. तुम्ही विद्यापीठाच्या विभागात असाल तर बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि महाविद्यालयात असाल तर तिथल्या ग्रंथपालांकडे जाऊन चार गोष्टी नाव घेऊन विचारा: आपली संस्था या योजनेत आहे का, एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणारी योजना) खातं मिळेल का, डेलनेटचं (ग्रंथालयांनी एकमेकांना साहित्य पुरवण्याचं जाळं) सदस्यत्व आहे का आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स आहे का. नुसतं ‘जर्नल मिळतील का’ विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल.

प्रकाशकाचं संकेतस्थळ तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नाही, जोडणीच्या पत्त्याने ओळखतं. आवाराच्या वायफायवर किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर असाल तर ते आपोआप ओळखतं. इथेच सगळ्यांची फसगत होते: ग्रंथालयात बसलोय, पण मोबाइलचा डेटा चालू आहे. मग पैसे मागितले जातात आणि वाटतं की विद्यापीठाकडे हे जर्नलच नाही. आधी वायफाय बघा. राजारामपुरीतल्या खोलीवर बसून वाचायचं असेल तर लेखाच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ अशा अर्थाचं बटण असतं, ते दाबून यादीतून विद्यापीठ निवडा आणि ग्रंथालयाने दिलेल्या इन्फेडच्या (आवाराबाहेरून प्रवेश देणारी सेवा) नाव-परवलीने आत जा. हे खातं आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात केलेला अर्ज उपयोगाचा नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधीच ते करून ठेवा. आणि एक हात जोडून विनंती: खातं मिळालं म्हणून एका जर्नलचे सगळे अंक भराभर उतरवू नका. प्रकाशकाच्या लक्षात आलं की तो त्या पत्त्यावरूनचा प्रवेश बंद करतो, आणि मग तुमच्यामुळे अख्खं विद्यापीठ अडकून बसतं.

एवढं करूनही लेख बंदच असला तर त्याचा डीओआय घ्या, १० ने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवा, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर लेखाच्या कडेला हिरवं कुलूप उघडतं. गुगल स्कॉलरमध्ये त्या नोंदीखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडा, लेखकाच्या विद्यापीठाने ठेवलेली प्रत तिथे निघते. तरीही नाही मिळाला तर ग्रंथपालांना डेलनेटमार्फत मागवायला सांगा, किंवा लेखकालाच मेल पाठवा. पत्ता सारांशाच्या पानावर असतो. आपण कोण, कुठला लेख, कशासाठी हवा, एवढ्या तीन ओळी पुरेत. बरेच लेखक आनंदाने पाठवतात.

पाच-सहा चांगले लेख हाती आले की शोधवाक्यं बाजूला ठेवा आणि लेखांमागून जा. प्रत्येकाची संदर्भसूची म्हणजे मागचा रस्ता, ‘साइटेड बाय’ म्हणजे पुढचा. २०१२ च्या लेखाला ज्यांनी नंतर उद्धृत केलंय, त्यांनी त्यातल्या चुकाही दाखवलेल्या असतात. मॅडमना २५ हवेत ना? यातले पंधरा याच रस्त्याने येतील, आणि ते तुमच्या विषयाला जास्त चिकटून असतील. कळीच्या शब्दांत एखादा नवा शब्द दिसला, समजा ‘फ्लॉक्युलंट’, तर तो कागदावरच्या दुसऱ्या रकान्यात लिहा आणि शोध पुन्हा चालवा.

मॅडम जे लेख बाजूला काढतायत त्यांचं कारणही समजून घ्या, कारण त्यांचं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पैसे घेऊन आठवडाभरात काहीही छापणारी जर्नलं गुगलवर सगळ्यात आधी दिसतात. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ ही आता ढाल राहिलेली नाही. ‘स्कोपस इंडेक्स्ड’ असं लिहिलेलं असेल तर स्कोपसच्या स्रोतांच्या पानावर आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक) टाकून बघा. ते सगळ्यांना मोफत आहे. तिथे नाव तर असावंच, पण कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, तेही वाचा, अनेक जर्नलं मध्येच वगळली गेली आहेत. विनाशुल्क म्हणजे वाईट असं मात्र समजू नका. डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत नोंदलेली खुली जर्नलं चाळणीतून गेलेली असतात. खरी पारख लेखातच होते: उसाची जात कुठली, रस किती लिटर, म्युसिलेज किती टक्के, कुठल्या तापमानाला घातलं, प्रयोग किती वेळा केला. हे लिहिलेलं नसेल तर जर्नल कितीही मोठं असो, तो लेख तुमच्या प्रयोगाला टेकू देऊ शकत नाही. आणि एआयने काढून दिलेली संदर्भयादी असेल तर प्रत्येक डीओआय डीओआय डॉट ऑर्ग वर टाकून उघडून बघा. लेखक खरा, जर्नल खरं आणि लेखच अस्तित्वात नाही, असे संदर्भ सर्रास येतात.

सापडलेलं त्याच दिवशी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते मोफत आहे आणि मागे घेतलेल्या लेखांवर स्वतः खूण करतं. एकच गोष्ट हाताने तपासा: भारतीय नावांत ते कधी नाव आणि आडनाव उलटं करतं. डेटाबेसच्या पानाची लिंक वरच्या पट्टीतून उचलू नका, ती सत्र संपलं की मरते. ‘पर्मालिंक’ किंवा डीओआय घ्या. आणि एक साधी वही करा, तिच्यात तारीख, डेटाबेस, जसंच्या तसं शोधवाक्य, कुठल्या रकान्यांत शोधलं, निकाल किती आणि त्यातले ठेवले किती, हे लिहीत जा. प्रबंधात ‘साहित्य कसं शोधलं’ हा परिच्छेद त्याच वहीतून उतरतो, आणि दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा करताना आधीचं काय वगळलं ते आठवत बसावं लागत नाही.

गुऱ्हाळावरच्या मामांचं. हो, देता येतं, आणि द्याच. रस किती तापल्यावर भेंडीचं पाणी घालायचं, मळी कुठल्या रंगाची झाली की काढायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे आणि बऱ्याच लेखांत ते नसतं. एपीए पद्धतीत त्याला ‘वैयक्तिक संवाद’ म्हणतात: मजकुरातच त्यांचं नाव आणि बोलणं झाल्याची पूर्ण तारीख द्यायची, शेवटच्या संदर्भसूचीत घालायचं नाही, कारण वाचकाला ते उघडून बघता येत नाही. तीन-चार गुऱ्हाळांवर ठरावीक प्रश्न घेऊन गेलात तर ती तुमची स्वतःची माहिती होते आणि तिची जागा कार्यपद्धतीच्या प्रकरणात आहे. त्यांचं नाव छापायच्या आधी त्यांना विचारा. आणि जाताना थर्मामीटर घेऊन जा, म्हणजे ते ‘आता घाल’ म्हणतील तेव्हाचा आकडा तुमच्या वहीत असेल.